फिटर ट्रेड : अडीच महिने नुसती कानस मारतोय, हे नक्की कशासाठी?

कानस_आणि_मी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझं वय २२. बीए दुसऱ्या वर्षाला सोडलं (कारणं घरची, जाऊ दे) आणि यंदा ऑगस्टात सरकारी आयटीआयला फिटरला नंबर लागला. गाव कराडजवळ, रोज एसटीने जाऊन येऊन. बॅच वीस जणांची, सगळी दहावी होऊन आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं, मला दादा म्हणतात, एकाने तर पहिल्या दिवशी सर समजून गुड मॉर्निंग घातलं.

तर मुद्दा असा की आल्यापासून आम्ही फक्त कानस मारतोय. सरांनी एमएसचा (मऊ पोलादाचा) तुकडा हॅकसॉने कापायला लावला आणि म्हणाले ह्याला गुण्यात आण (गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पट्टी). झालं. तेव्हापासून मी, तो तुकडा आणि शेगडा (तुकडा पकडायचा व्हाइस). एक बाजू सपाट झाली की दुसरी तिच्याशी नव्वदात येत नाही, दुसरी आणली की पहिली बिघडलेली असते, ७५ चा तुकडा आता ६८ वर आलाय आणि अजून सर गुण्या लावून उजेडाकडे धरतात आणि काही न बोलता परत देतात. बोलले तरी बरं वाटेल. तळहाताला फोड येऊन गेले, आता घट्टे पडलेत.

गल्लीतला एक मित्र बारावी नापास, शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) लागलाय, महिन्याला पगार घेतो आणि मला विचारतो काय रे अजून घासतोयस का. आता तुम्ही सांगा, सगळीकडे सीएनसी आहे तर हे हाताने घासायचं शिकून उपयोग काय? सोडून तीन महिन्यांचा सीएनसी कोर्स करू का? का दोन वर्षं काढून डिप्लोमाला डायरेक्ट सेकंड इयरला जाऊ? घरी विचारायला कोणी नाही या लाइनमधलं.

चहाबिस्कीट | ४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

१९५० साली सुरू झालेली स्कीम आहे ती भाऊ. तेव्हापासून हेच घासतायत. तिकडे रोबो आले, एआय आला, आपल्याकडे कानस. पळ तिथून.

गुण्या_काका | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

आधी एक सांग. तुझी बाजू मध्ये उंच येते की कडेला? गुण्या लावल्यावर उजेड कुठून दिसतो?

कानस_आणि_मी | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

काका, दोन्ही टोकांना उजेड दिसतो, मधे टेकतो. बसमधून लिहितोय.

गुण्या_काका | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

वाटलंच. म्हणजे पोट येतंय. सगळ्यांना येतं, मलाही सहा आठवडे येत होतं. मी १९७९ ला पिंपरीला अप्रेंटिस लागलो, पुढे टूलरूममध्येच (साचे-हत्यारं बनवायचा विभाग) केस पांढरे झाले, म्हणून जरा अधिकाराने बोलतो, राग मानू नकोस.

कानस पुढे जाताना झोका घेते. सुरुवातीला डाव्या हाताचा, म्हणजे टोकाकडचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्हीकडे सारखा, आणि शेवटी उजव्या हाताचा जास्त. तू बहुतेक दोन्ही हातांनी सारखाच दाबतोयस, मग आधी मुठीची बाजू खाली झुकते आणि नंतर टोकाची, आणि दोन्ही कडा खाल्ल्या जातात. मागे आणताना दाब सोडायचा, घासत आणायची नाही, दात मरतात. शेगड्याची उंची बघ, कोपर दुमडून दंड सरळ खाली सोडलास की कोपर जबड्याच्या पातळीला यायला पाहिजे. तू २२ चा आहेस आणि बाकीची १६ ची, सगळ्यांना एकाच उंचीचं बेंच असणार, तेव्हा तुला वाकावं लागत असेल तर पाय जरा फाकवून उभा राहा. दम लागला की वेग वाढतो, मिनिटाला चाळीस-पन्नास स्ट्रोक पुरे.

आणि घासलेल्या जागेवर हात फिरवू नकोस!! सगळे फिरवतात, छान लागतं म्हणून. घामाचं तेल लागतं आणि पुढच्या स्ट्रोकला कानस घसरते. कानशीला खडू लाव, बुरा दातांत अडकत नाही. एकदा तिरकी या बाजूने मार, एकदा त्या बाजूने, रेघा एकमेकींना छेदतील, जिथे नव्या रेघा उमटल्या नाहीत तिथे खड्डा आहे, बाकी सगळं उंच.

बाकीच्या प्रश्नांचं इतर मंडळी सांगतील. मूठ नसलेली कानस मात्र हातात घेऊ नकोस कधी. माझ्या शेजारच्या पोराच्या तळहातात कानशीचं शेपूट (मुठीत बसणारं टोक) घुसलं होतं.

टूलरूमवाली | ५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

काकांच्या पोस्टला अनुमोदन, वाखूसा (वाचनखूण साठवली) पण.

@चहाबिस्कीट, स्कीम १९५० ची आहे म्हणजे सिलॅबस तेव्हाचा आहे असं नाही. फिटरला पहिल्याच वर्षात पुढे शीट मेटल, वेल्डिंग, ड्रिलिंग, लेथ येतं, दुसऱ्या वर्षी न्यूमॅटिक्स आणि हायड्रॉलिक्स (हवेच्या आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) आहे. मशीन बसलेल्या ठिकाणी ती चालू ठेवायला फिटरच लागतो, तुमच्या रोबोचा सिलिंडर लीक झाला तर एआय येणारे का सील बदलायला?

मी स्वतः टूल अँड डायची (साचे बनवायचा ट्रेड), आमच्या बॅचला दोन मुली होतो. आता चाकणला मोल्ड शॉपमध्ये आहे. तुला वाटतं तसं सगळं मशीन करतं, खरंय, व्हीएमसी (कापणारं सीएनसी मशीन) करते, ईडीएम (ठिणगीने कोरणारं) करते. पण शेवटी कोअर आणि कॅव्हिटी (साच्याचे दोन भाग) एकमेकांवर बसवायची असते तेव्हा निळा रंग लावून दाबायचं, उघडून बघायचं निळं कुठे उठलं, तिथे स्टोन मारायचा, परत दाबायचं. पार्टिंग लाइनला (दोन भाग मिळतात तिथे) दोन-तीन शतांश मिलिमीटरची फट राहिली तरी प्लास्टिक बाहेर येतं, फ्लॅश म्हणतात. हे काम येणारी माणसं आमच्याकडे पाच आहेत आणि व्हीएमसीवाले अठरा. सुट्टी कोणाला मिळत नाही ते ओळखा.

पहिल्या वर्षी मीपण रडले होते, पुष्कळदा, वॉशरूममध्ये जाऊन. एक तर वर्कशॉपच्या बाजूला मुलींसाठी वॉशरूम नव्हतीच, ऑफिस बिल्डिंगला जावं लागायचं, तेवढंच चालणं व्हायचं.

बारा_तासवाला | ५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मी तुझ्या त्या मित्रासारखाच आहे फक्त आयटीआय झालेला (टर्नर). खरं सांगू का, सीएनसीवर लागणं आणि सीएनसी येणं यात लय फरक आहे. पहिली दोन वर्षं मी काय केलं तर जॉब (म्हणजे कापायचा तुकडा) लावायचा, दार बंद, हिरवं बटण, दार उघड, जॉब काढ, एअर मार. बारा तास. तिसऱ्या महिन्याला कळलं की आपल्याला कायच येत नाही. जो सेटर (मशीन लावून देणारा) होता तो ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) टाकायचा तेव्हा स्क्रीनसमोर उभा राहायचा मुद्दाम, दिसू नये म्हणून.

मग मी हळूहळू शिकलो आणि एकदा स्वतः प्रोग्रॅम मारला. फॅनुक कंट्रोल (मशीनचा कॉम्प्युटर). जॉब ५० चा, टूल आधी ५२ वर आणायचा होता, टाइप केलं जी०० (म्हणजे फुल वेगाने जा), एक्स ५२. पॉइंट द्यायचा राहिला. आमच्या मशीनला पॉइंट नसला की तो आकडा मायक्रॉनमध्ये धरतो, म्हणजे ५२ मिलिमीटर नाही, ०.०५२. टूल फुल रॅपिडने निघाला सेंटरकडे आणि मधे जॉब फिरत होता. आवाज असा आला की कँटीनमधली माणसं बाहेर आली. इन्सर्ट गेला, होल्डर वाकला, टरेट फिरला जागेवरून, मशीन तीन दिवस बंद. एका टिंबासाठी.

तर कोर्स कर नाहीतर नको करू, पण जॉबकडे बघून साइझचा अंदाज येणं, आवाजावरून टूल गेलेला ओळखणं हे आधी पाहिजे. मला ते टर्नरच्या साध्या लेथने दिलं, त्या क्रॅशला मी इमर्जन्सी दाबली ती पण आवाजावरूनच, नाहीतर अजून गेलं असतं.

डीएसवाय_वाला | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

डिप्लोमाचं मी सांगतो, मी फिटर करून मेकॅनिकलला डायरेक्ट सेकंड इयरला आलोय. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना जाता येतं, पण मॅथ्सची तयारी आतापासून कर रे बाबा. तिथे सगळे धरूनच चालतात की पहिल्या वर्षाचं मॅथ्स तुला येतं. आम्ही आयटीआयला काय केलेलं, वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये क्षेत्रफळ, वजन, फारतर आरपीएम काढायचा. इथे पहिल्याच आठवड्यात सरांनी डेरिव्हेटिव्ह लिहिलं फळ्यावर, मी शेजाऱ्याला विचारलं हे डीवाय बाय डीएक्स मधला डी कटत का नाही. तो अजून चिडवतो.

उलट ड्रॉइंगला आणि वर्कशॉपला आपण राजे. बारावी सायन्समधून आलेल्या पोरांना टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली का काढायचा हे महिनाभर कळत नव्हतं, आपल्याला फर्स्ट अँगल (ड्रॉइंगची ही पद्धत) झोपेत येतो. आणि वायवाला एक्स्टर्नलने टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) हातात दिला तर मीच एकटा सांगू शकलो की हा टेपर आहे, प्लग नाही.

श्टुटगार्टकर | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

रच्याकने (बाय द वे), इकडे जर्मनीतपण कानसच मारायला लावतात 😀 मी मूळचा सांगलीचा, इंडुस्ट्रीमेखानिकरची (इथला फिटरच) आउसबिल्डुंग (अप्रेंटिसशिप) करतोय, तिसरं वर्ष. साडेतीन वर्षांचा कोर्स, कंपनीत काम आणि बाकीचे दिवस शाळा. मला वाटलेलं जर्मनीत आलोय म्हणजे पहिल्या दिवसापासून रोबो, आणि त्यांनी पहिल्या आठवड्यात हातात काय दिलं तर यू सेक्शनचा पोलादी तुकडा आणि कानस. ट्रेनर, वय साठच्या आसपास, गुण्या लावतो, उजेडाकडे धरतो, काही न बोलता परत देतो. धागा वाचून हसू आलं, यांची काय आंतरराष्ट्रीय संघटना आहे का.

फरक एवढाच की इथे रोज काय केलं त्याची वही लिहावी लागते, ट्रेनरची सही लागते, आणि वही पूर्ण नसेल तर फायनल परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षा दोन तुकड्यांत, मधे एक ४० टक्क्यांची आणि शेवटी ६० टक्क्यांची. तुम्ही पण वही लिहा, खरंच. आज काय बिघडलं एवढं जरी लिहिलं तरी.

चहाबिस्कीट | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

बरं बरं, माघार. पण मला एक सांगा, एवढं शिकून शेवटी अप्रेंटिस म्हणून पॅकिंगला बसवतात त्याचं काय? माझ्या भाच्याचं झालंय.

बारा_तासवाला | ६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

हे मात्र खरंय. माझं अप्रेंटिसचं वर्ष एका कंपनीत (नाव नको) बर (कडेला राहिलेली धार) काढण्यात आणि खोके चिकटवण्यात गेलं. लेथला हात लागला तो फक्त पुसायला.

टूलरूमवाली | ७ नोव्हेंबर, दुपारी १:०५

त्यासाठी बीटीआरआय (अप्रेंटिसांच्या प्रशिक्षणाचं) केंद्र असतं, जिल्ह्याच्या ठिकाणी आयटीआयशी जोडलेलं. अप्रेंटिस १९६१ च्या कायद्याखाली असतो, करारावर ट्रेड लिहिलेला असतो, त्या ट्रेडचंच काम शिकवायचं असतं. माझ्या ज्युनिअरने तारखेनिशी वही दाखवली तेव्हा तिथल्या साहेबांनी कंपनीला फोन केला आणि पुढच्या आठवड्यात तिला टूलरूमला घेतलं. वही नसती तर काय दाखवणार होती? स्टायपेंडचंही बघत जा, २०१९ च्या नियमांत आयटीआय पास अप्रेंटिसला महिना किमान ७००० ठरलेलं, काही ठिकाणी त्याच्या खालीच देतात आणि पोरं गप्प बसतात.

पण एक लक्षात ठेवा, अप्रेंटिस म्हणजे नोकरी नाही, वर्ष संपलं की कंपनी घेईलच असं नसतं. सर्टिफिकेट मात्र वेगळं मिळतं आणि रेल्वेबिल्वेच्या भरतीत त्याला वजन आहे.

भोसरी_शेड | ७ नोव्हेंबर, रात्री ११:३०

दुसऱ्या बाजूने लिहितो. माझी छोटी शेड आहे, चौदा माणसं. इंटरव्ह्यूला मी मार्कशीट बघत नाही फारशी. एक शाफ्ट देतो आणि व्हर्निअर देतो. व्हर्निअर मुद्दाम बिघडलेला आहे, जबडे पूर्ण मिटले तरी ०.०६ दाखवतो. दहातली आठ-नऊ पोरं सरळ शाफ्टला लावतात आणि आकडा सांगतात, काहीजण तर दोन शतांशापर्यंत अगदी आत्मविश्वासाने. जो आधी जबडे मिटून उजेडाकडे धरून बघतो त्याला मी बसवून चहा देतो.

मग विचारतो एम१० च्या (१० मिलिमीटरच्या आट्यांच्या) टॅपला ड्रिल कितीचं. साडेआठ, का, तर दहा वजा पिच (दोन आट्यांतलं अंतर) दीड. पाठ केलेलं असलं तरी चालतं, पण एम८ विचारलं की कळतं कोणाला का ते माहितीय. मशीनवरून गरम काढलेला जॉब लगेच मोजून ओके म्हणणारे तर पुष्कळ. शंभरचा स्टीलचा जॉब वीस डिग्रीने गरम असला तर दोन शतांशाहून जास्त मोठा दिसतो, थंड झाला की अंडरसाइझ, आणि मग पार्टीच्या इन्स्पेक्शनला मी शिव्या खातो.

धागाकर्त्याला: तुझा मित्र वाईट काम करत नाही, त्याला कमी लेखू नकोस. पण पाच वर्षांनी तुम्ही दोघं माझ्याकडे आलात तर व्हर्निअर दोघांनाही देईन.

गुण्या_काका | ८ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

भोसरीकर, आमच्या मिस्त्रींनी माझ्यावर असाच एक डाव टाकला होता. मला म्हणाले, दोन सूत घे त्यावरून. मी कॉलेजात गेलेला (एक वर्ष), मला वाटलं सूत म्हणजे मिलिमीटरलाच हे लोक सूत म्हणतात. दोन मिलिमीटर घेतले आणि ऐटीत नेऊन दिलं. इंचाचे आठ सूत, म्हणजे दोन सूत सव्वासहा मिलिमीटरच्याही वर. मिस्त्री म्हणाले, बरं झालं कमी घेतलंस, जास्त घेतलं असतंस तर परत चिकटवायला कुठून आणलं असतं. तेव्हापासून काही कळलं नाही की आधी विचारतो. आता नवी पोरं सूत म्हटलं की माझ्याकडे बघत राहतात.

कानस_आणि_मी | १७ नोव्हेंबर, रात्री ९:२०

सगळ्यांचे लय आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. काका, दाबाचं तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिले दोन दिवस अजूनच बिघडलं कारण डोक्यात सारखं डावा, दोन्ही, उजवा चालू होतं, मग तिसऱ्या दिवशी एसटी चुकली, उशीर झाला, रागात घासत होतो आणि लक्षच नव्हतं तेव्हा पहिल्यांदा गुण्याखाली उजेड आला नाही. म्हणजे आला, पण केसाएवढा आणि सगळीकडे सारखा.

सरांनी धरलं उजेडाकडे. बराच वेळ धरलं. म्हणाले "हं." आणि शेजारच्या पोराला बोलावून दाखवलं. मग मला म्हणाले आता ह्याच्या समोरची बाजू समांतर आण.

मी हसलो तर म्हणाले हसतोस काय.

सीएनसीचं तूर्त डोक्यातून काढलंय. पुस्तकाचं विचारायचं होतं, निमीचं (आयटीआयची पुस्तकं काढणारी संस्था) मराठीतलं वापरू का इंग्लिश? मराठीतलं कळतं पण त्यातले काही शब्द वर्कशॉपमध्ये कुणीच बोलत नाही.

डीएसवाय_वाला | १७ नोव्हेंबर, रात्री १०:००

दोन्ही ठेव. समजायला मराठी, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी इंग्लिश शब्द समासात लिहून काढ. ऑनलाइन परीक्षेला पर्याय असतात, शब्द ओळखीचा नसला तर येत असूनही चुकतं. भारत स्किल्सच्या साइटवर प्रश्नपेढ्या पण आहेत, फुकट.

टूलरूमवाली | १८ नोव्हेंबर, दुपारी १:२०

"हं" म्हणजे खूप झालं. मला पहिलं "हं" जानेवारीत मिळालेलं.

कानस_आणि_मी | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

धागा वर काढतोय. सध्या मेल-फीमेल चालू आहे, चौकोनात चौकोन बसवायचा, टॉलरन्स (चालणारा फरक) ०.०४ मिलिमीटर. माझा एका बाजूने बसतो, फिरवून घातला की अडकतो. त्याचं मी बघतो, वही लिहितोय, तीन ठिकाणी निळं उठतंय.

आजचा प्रश्न वेगळाय. एम८ चा टॅप आत मोडला. सरांना अजून सांगितलेलं नाही, उद्या सांगणार. काढता येतो का?

भोसरी_शेड | ११ फेब्रुवारी, रात्री ८:१५

ड्रिल कितीचं मारलंस?

कानस_आणि_मी | ११ फेब्रुवारी, रात्री ८:१८

साडेसहा. स्टोअरमध्ये ६.८ नव्हतं, म्हटलं तीन पॉइंटने काय होतंय.

भोसरी_शेड | ११ फेब्रुवारी, रात्री ८:२०

😀😀 चहा कॅन्सल.

गुण्या_काका | १२ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

असू दे हो, आपण काय कमी मोडलेत. पोरा, ड्रिलने काढायला जाऊ नकोस, टॅप कडक असतो, ड्रिलच जाईल. अर्धा फेरा पुढे, पाव मागे असं फिरवत होतास का सरळ रेटलास ते नंतर सांग. सरांना आधी सांग, लपवू नकोस, त्यांना कळलेलं असणारच. आता मला एवढंच सांग, मोडलेलं टोक वर दिसतंय का भोकाच्या आत गेलंय? आणि भोक आरपार आहे का बंद?